अप्पांची पितळी बादली

अप्पांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते पाण्याबद्दल. नळाला पाणी आलेली सकाळ होती. अहमदपुरात ज्यांनी संसार केलाय त्यांना ही सकाळ वेगळी सांगायला नको. टाकी, पिंपं, कळशा, घागरी आणि वेळ पडली तर पिठाचे रिकामे डबेसुद्धा भरून घ्यायचे असतात, कारण पाणी पुन्हा कधी येईल ते नगरपालिकेलाही ठाऊक नसतं. माझा नवरा महेश लातूरला कॉलेजात शिकवतो, रोज अप-डाऊन करतो. तो पहिल्या गाडीनं निघून गेला होता. अप्पा, म्हणजे माझे सासरे, देवघराबाहेरच्या लाकडी खुर्चीत बसले होते. चार-सहा दिवसांपासून त्यांना जरा थकवा होता, बाकी काही नाही. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "सूनबाई, तेवढी पूजेची बालदी भरून ठेव माय. आज माझ्यानं उठणं होईना गेलंय." मी भरून ठेवली. त्यांनी बोटांच्या पेरांनी तिच्यावर दोनदा टकटक केलं, मान हलवली आणि गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले. नंतर मी चहा घेऊन गेले तेव्हा कपाळावरचं भस्म ओलं होतं आणि मान एका बाजूला कलली होती... इतक्या हलक्या पावलांनी कुणी जातं का?

आमच्याकडे 'वारले' म्हणत नाहीत, 'लिंगैक्य झाले' म्हणतात. हा शब्द मला लग्नानंतर कळला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पटला. ना दवाखाना, ना नळ्या, ना कुणाच्या हाता-तोंडाकडे बघत पडून राहणं. आयुष्यभर स्वतःचं धोतर स्वतः धुतलेला माणूस, त्याला ज्याची धास्ती होती ते काहीच घडलं नाही. मी रडले, भरपूर रडले, पण रडतानाही आतून कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते लपवावं असं मला वाटत नाही. मला स्वस्थ बसू देईना ती गोष्ट वेगळीच होती. ती पितळी बादली अप्पांनी इतक्या वर्षांत मला एकदाही भरू दिली नव्हती. आणि 'बालदी' हा शब्द तर त्यांच्या तोंडून मी आधी कधीच ऐकला नव्हता. तो माझा शब्द होता, माझ्या माहेरचा, आणि याच शब्दावरून आमच्यात एक न बोललेलं प्रकरण होऊन गेलं होतं. आता अप्पांनी मला बादली भरायला सांगितली ती घरची म्हणून, की घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून? विचारायला ते उरले नव्हते.

हे सगळं नीट सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. माझं माहेर गोव्यात, फोंड्याजवळच्या एका गावात. महेश तिकडे औषधांच्या कारखान्यात नोकरीला होता, मी तिथल्याच प्रयोगशाळेत. पुढे जे व्हायचं ते झालं. एक कोकणी बोलणारी, मासे खाणारी मुलगी आपल्या लिंगायत घरात येणार हे अहमदपूरला कळलं, तेव्हा नातेवाइकांनी यथाशक्ती कालवा केला. अप्पांनी मात्र विरोध केला नाही. होकारही दिला नाही. ते लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले, माझ्या वडिलांशी आंब्यांच्या कलमांबद्दल बोलले आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. सासूबाईंनी, त्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. पुढे अव्वा गेल्या, अप्पा एकटे पडले, आणि महेशनं लातूरची नोकरी धरली. मी अहमदपूरला स्टँडच्या रस्त्यावर रक्त-लघवी तपासण्याची लहानशी लॅब टाकली. गावानं मला आधी 'गोव्याची बाई' म्हणून ओळखलं, मग 'लॅबवाल्या मॅडम' म्हणून. घरात मी कोण, हे मात्र माझं मलाच ठरत नव्हतं.

आल्या आल्याच एक प्रसंग घडला. त्याला प्रसंग तरी कसं म्हणावं! सकाळी अंघोळ करून मी देवघरापाशी गेले आणि अव्वांची ती पितळी बादली उचलायला वाकले. काठाच्या खाली अव्वांचं नाव कोरलेलं होतं, लग्नात माहेरच्या भांड्यांवर घालतात तसं. अप्पा मागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी भरतो." आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. पण मी हात मागे घेतला. त्यानंतर कधी मधी मी विचारायची, "अप्पा, मी भरू का?" आणि उत्तर ठरलेलं, "ऱ्हाऊ दे." गुडघे दुखायला लागले, पाठीला बाक आला, तरी तो माणूस सकाळी अंघोळ करून ओलेत्यानं ती जड बादली टाकीच्या नळाखाली नेणार, भरून आणणार, ठेवणार आणि दोनदा टकटक करणार. रिकामं पितळ वाजतं, भरलेलं दबून बोलतं, आणि आवाजावरून पाणी कुठवर आहे ते त्यांना कळायचं. महेश म्हणायचा, "अगं, त्यांची सवय आहे ती, तू कशाला मनावर घेतेस?" नवऱ्यांना असं म्हणायला काय जातं! माशाची आठवणसुद्धा मी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून येत होते, आणि तरी ते दोन शब्द रोज माझ्या आणि त्या बादलीच्या मध्ये येऊन उभे राहायचे.

बाकी अप्पा माणूस मोठा गमतीचा. मराठीचे शिक्षक. गावातल्या शाळेत त्यांनी जवळजवळ अख्खं गाव शिकवलं. मेडिकलवाला, कंडक्टर, तहसिलीतले कारकून, आडत बाजारातले व्यापारी... जो तो 'अप्पा गुरुजी' म्हणून वाकणार. मी आले तेव्हा पाण्यावरून त्यांनी माझी शाळाच घेतली. आमच्या गावात विहिरीला बारमाही पाणी, अंघोळीला किती घ्यायचं हा प्रश्नच कधी पडला नव्हता. इथे पहिल्याच दिवशी मी मनसोक्त अंघोळ करून बाहेर आले तर अप्पा ओट्यावर बसून महेशला विचारत होते, "तुझी बायको अंघोळ करायली का धरण सोडायली?" मी आतून ऐकलं आणि हसू आवरेना. एकदा त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं, "बांगडा म्हंजे नेमकं काय असतंय गं? डोळे असतात का त्याला शिजल्यावर बी?" मी 'असतात' म्हटलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अवघड हाय."

तर बादली. अप्पांचा वर्गातला एक धडा गावभर प्रसिद्ध होता. ते म्हणे मुलांना विचारायचे, बादलीला बादली का म्हणतात? मग अप्पा दोन्ही हात पसरून, गाल फुगवून, वर्गात ढगासारखे डुलत चालायचे आणि सांगायचे: बादल म्हणजे ढग. ढग काय करतो? लांब समुद्रावरून पाणी भरून आणतो आणि आपल्या दारात ओततो. तेच काम जी घरात करते ती बादली! शेवटच्या शब्दाला ते सगळं पाणी ओतल्यासारखे हात खाली करायचे आणि पुढच्या बाकावरची पोरं भिजल्यासारखी ओरडायची. निजामाच्या राजवटीतून आलेल्या या मुलखात बोलण्यात उर्दू मुरलेलीच आहे. बादलचं बादली झालं हे सगळ्यांना सहज पटायचं. आजोबा झालेले विद्यार्थीही ते डुलणं करून दाखवत.

अशाच एका गुरुपौर्णिमेला आमच्या घरी नारळ-टॉवेल घेऊन त्यांचे जुने विद्यार्थी जमले होते. मी चुरमुऱ्यांचा सुशीला करून सगळ्यांना बशा देत होते. मेडिकलवाले सूर्यकांत उठले, हात पसरले आणि त्यांनी ढग करून दाखवला. सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता बोलून गेले, "पण अप्पा, तो शब्द पोर्तुगीज आहे ना?" माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. लहानपणी ते आम्हाला घरातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगत, ही चावी त्यांची, हा पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, खिडकीला आपण जनेल म्हणतो तेही त्यांचंच. आणि पाण्याच्या बालदीला ते म्हणायचे बाल्दे. कोकणीत ती बालदी राहिली, घाटावर चढता चढता तिच्यातली अक्षरं जागा बदलून बसली आणि बादली झाली, उत्तरेकडे गेली ती बाल्टी झाली. एवढं सगळं मी एका दमात सांगितलं. अप्पा म्हणाले, "असं?" बस्स, एवढंच. मग सूर्यकांतना त्यांनी पोरांच्या शाळेचं विचारलं. महेशनं नंतर मला बरंच सुनावलं. लोकांसमोर कशाला, वगैरे. मला आजही त्यात काही चुकलं असं वाटत नाही. ज्या घरात शब्दांवर एवढं प्रेम आहे तिथे एक शब्द सांगितला तर बिघडलं काय? पण अप्पांच्या त्या 'असं?'नं मला बरेच दिवस छळलं हे खरं.

मग एके दिवशी ते मला म्हणाले, "उद्या नांदेडला जायचंय. चलतीस का संगं?" मी लॅब बंद ठेवली. एस.टी.त ते खिडकीशी, मी शेजारी. नांदेडला उतरल्यावर रिक्षा करून आम्ही एका जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथे त्यांनी शब्दकोशाचा जाडजूड खंड मागवला, चष्मा पुसला, भिंग काढलं आणि पानं उलटू लागले. मी मागे उभी. 'बादली'वर बोट थांबलं. पुढे कंसात लिहिलं होतं: पोर्तुगीज, बाल्दे. अप्पांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी दुसरा खंड मागवला, त्यातही तेच. मला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल, पण तसं काही झालं नाही. तीस-पस्तीस वर्षं ज्या ढगावर त्यांनी वर्ग तरंगत ठेवला होता तो तिथे, त्या टेबलावर, मुकाट विरून गेला होता. त्यांनी खंड मिटला, ग्रंथपालांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चला." येताना लोह्याला गाडी थांबली तेव्हा उतरून त्यांनी माझ्यासाठी उकडलेल्या शेंगा आणल्या. टरफलं त्यांनी स्वतःच्या रुमालात गोळा केली.

त्यानंतर घरात एक अजब प्रकार सुरू झाला. अप्पांनी तो शब्दच टाकून दिला. बादली नाही, बालदी तर नाहीच. "ते भरलं का?" "ते तिकडं सरकव." इथे बरेच लोक 'बकेट' म्हणतात, तेही अप्पांच्या तोंडी आलं नाही. घरातल्या सगळ्या बादल्या एका रात्रीत 'ते' झाल्या. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. म्हातारा रागावलाय, दुसरं काय? आणि त्याच सुमारास त्यांना फिरण्याचं भलतंच वेड लागलं. "जरा रेणापूरला जाऊन येतो." "मुखेडला बाजार हाय आज, चक्कर मारतो." "लातूरला काम हाय." काय काम ते सांगायचे नाहीत. पिशवीत पाण्याची बाटली आणि एक शेंगदाण्याची पुडी, की निघाले एस.टी. स्टँडकडे. महेशला वाटलं, कुठेतरी गुडघ्यांवर औषध देणारा वैद्य गाठलाय. मला वाटलं, घरात नको झालंय. सून नको झालीय, असंही मनात यायचं, मग मी ते झटकून टाकायची. मला खरंच कळत नव्हतं. घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी एका माणसाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येत नाही, याचा मला स्वतःचाच राग यायचा.

असे दिवस गेले, आणि मग ती नळाची सकाळ उजाडली...

अप्पांना आमच्या रिवाजाप्रमाणे बसवूनच समाधी दिली. भस्म लावलेले, डोळे मिटलेले, ते वर्गात मुलांचं पाठांतर ऐकत बसावेत तसे दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. गावात भेटायला येणारे बाहेरच्या सतरंजीवर बसतात, पाणी घेतात, गेलेल्याबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि उठतात. मी आत-बाहेर करत होते. सूर्यकांत आले, महेशजवळ बसले, डोळे पुसले. जाताना दारात मला थांबवून म्हणाले, "वहिनी, गुरुजींनी ते बादलीचं दुरुस्त करून घेतलं आमच्याकडून. पोर्तुगीज हाय म्हणाले."

मी विचारलं, "कुणाकडून? तुमच्याकडून?"

"सगळ्यांकडून!" सूर्यकांत हसले, रडवेल्या तोंडानं हसले. "दुकानात आले. गिऱ्हाईक होतं, तरी म्हणले, आधी लिहून घे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, ढगाचा काही संबंध न्हाई. वही असंल जुनी तर खोड, न्हाई तर पोराच्या वहीत बरोबर लिहून दे. आम्ही म्हणलं, गुरुजी, ऱ्हाऊ द्या की आता, कोण विचारायलंय? तर रागावले. म्हणले, माझ्या सुनेनं चूक काढलीय, ती मी तशीच ठिवू का?"

सूर्यकांत पुढे सांगत होते की अप्पांनी कंडक्टरला गाडीत उभं राहून सांगितलं, तहसिलीत जाऊन सांगितलं, रेणापूरला बदलून गेलेल्या एका मास्तरला त्याच्या शाळेत गाठून सांगितलं. म्हणजे वैद्य नव्हता, सून नकोशी झाली म्हणूनही नव्हतं. गुडघे धरत धरत तो माणूस गावोगाव पसरलेला आपला वर्ग पुन्हा भरवत हिंडत होता! मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यांनी कधी?" सूर्यकांत म्हणाले, "हाव, आम्ही बी विचारलं तसं. सूनबाईला बोललात का म्हणून. तर म्हणले, तिला काय सांगायचं? तिनंच तर सांगितलंय." हे ऐकून मी दुःखाच्या घरात मोठ्यानं हसले. आतून महेश बघायला आला. अप्पांचं बोलणं इतकं अप्पांसारखं होतं की ते आत पूजेला बसलेत आणि मी बाहेर चहा टाकतेय असा मला क्षणभर भास झाला.

तरी मनातली गाठ पूर्ण सुटली नव्हती. शब्द दुरुस्त करणं हा शिक्षकाचा प्रामाणिकपणा झाला. बादलीचं काय? ती त्या दिवशी मला भरायला सांगितली ती नाइलाजानंच ना? ही गाठ सोडवली शकुंतलाबाईंनी. त्या अप्पांच्या विद्यार्थिनी, मेन रोडवर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या भांड्यांवर नावं त्याच घालून देतात. त्या आल्या, माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि सहज म्हणाल्या, "कडी नीट बसली का गं? का लागती अजून हाताला?" मला कळेना. त्या म्हणाल्या, "अगं, पूजेच्या बादलीची. गुरुजी आले होते घेऊन दोन-चार महिन्यांमागं. जुनी कडी चिरली होती, हाताला काचायची. किती वर्ष झाले मी म्हणायले, बदलून देते, तर म्हणायचे, ऱ्हाऊ दे, माझ्या हाताला सवय झालीय. त्या दिवशी स्वतः घेऊन आले. म्हणले, आता सूनबाई भरंल, तिच्या हाताला लागू ने."

मी उठून देवघरापाशी गेले. बादलीची कडी नवी होती. जाड, गोल, गुळगुळीत. त्या सकाळी मी ती उचलली होती, पण घाईत लक्ष गेलं नव्हतं. म्हणजे थकवा येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मग त्यांनी बोलायला इतके दिवस का लावले? मला वाटतं, लाजले असतील. अप्पांना कौतुक करता यायचं नाही, वर्गातही पहिल्या नंबराला ते फक्त 'बस खाली' म्हणत. आणि ते 'ऱ्हाऊ दे' सगळंच्या सगळं चिरलेल्या कडीपायी होतं असं मी म्हणणार नाही. त्यात थोडं जुनं वळण असणार, मी परक्या घरची हेही असणार. पण त्यात माझ्या हाताची काळजीही होती हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी तिथेच बसले आणि पोटभर रडले. आधीच्या रडण्यापेक्षा हे रडणं वेगळं होतं, याच्यानंतर मला भूक लागली.

सगळ्यात शेवटी आले ते मुखेडचे दत्तात्रय. बाजारात मसाल्याचं दुकान लावतात. अप्पांच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, स्वतःचेच केस पांढरे. बातमी त्यांना उशिरा कळली होती. सतरंजीवर बसून ते म्हणाले, "भर बाजारात आले गुरुजी. मिरच्या मोजायलो होतो. मला म्हणले, काटा ठिव खाली. मग तिथंच उभं ऱ्हाऊन सगळा धडा परत घेतला. मी म्हणलं, गुरुजी, तुमचा ढग लई चांगला होता हो, आम्हाला तोच आवडतोय. वाईट न्हाई वाटत का तुम्हाला?"

"मग?" मी विचारलं.

"म्हणले, समुद्राकडून आली एवढं तर खरं निघालं ना दत्ता! ढगानं न्हाई आणली, जहाजानं आणली. आणि आता बघ, आख्ख्या मराठवाड्यात तिच्याबिगर एका घराचं पाणी भरत न्हाई. तिला कुणी परकी म्हणतंय का? माझी सून बी तिकडूनच आलीय."

दत्तात्रय पाणी प्याले, पेला उपडा ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. जाताना त्यांनी स्वतःच्या घरी केलेल्या मसाल्याची एक पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "माय, तुमच्याकडं माशाला चालतो का हा?" मी म्हटलं, "चालतो." इथे, या घराच्या दारात उभं राहून, मी पहिल्यांदाच माशाबद्दल न चाचरता बोलले.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. खुर्ची तिथेच आहे. भिंग महेशनं कपाटात ठेवलंय. गावातून जाताना अजूनही कुणीतरी थांबवतं आणि म्हणतं, मॅडम, ते बालदीचं आम्हाला बी सांगितलं होतं बरं का गुरुजींनी. मी मान डोलावते. मला अप्पांची आठवण येते तेव्हा दुःखापेक्षा हायसं वाटतं, आणि मग त्यांच्याशी भांडावंसंही वाटतं. सगळ्या जिल्ह्याला सांगितलंत आणि मला तेवढं सांगितलं नाहीत! पण मग आठवतं की सांगितलं होतं. पूजेची बालदी भरून ठेव माय. त्यांनी सांगून ठेवलं, टकटक करून पाहिलं, आणि मगच गेले.

अप्पांचं इष्टलिंग त्यांच्याबरोबर गेलं, पण देवघरात महादेवाची पिंड आहे, तिला पाणी लागतंच. सकाळी अंघोळ झाली की मी ती पितळी बालदी उचलते. अव्वांचं कोरलेलं नाव माझ्या बाजूला असतं, नवी कडी हातात. टाकीच्या नळाखाली धरते, भरून आणते, जागेवर ठेवते, आणि वाकून बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करते. पितळ दबून बोलतं. काठापर्यंत भरलेली असते.